जाड व गोलाकार शीर्षकाक्षरे : स्वरूप, गुणधर्म आणि उपयोग
(‘बालू’ या देवनागरी अक्षरसंचाच्या विशेष संदर्भात)

सारांश :
छापील शब्द वाचकापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याच्या अर्थाबरोबर त्याचे अक्षरवळणही पोहोचते. जाड, गोलाकार शीर्षकाक्षरे ही जाहिरात, बालसाहित्य, मनोरंजन आणि लोकजागृती या क्षेत्रांत विसाव्या शतकापासून सर्वत्र रूढ आहेत. प्रस्तुत लेखात या अक्षरांची पूर्वपीठिका, त्यांचा वाचकावर होणारा परिणाम, देवनागरीत अशी अक्षरे घडविताना येणाऱ्या अडचणी आणि ‘बालू’ या भारतीय बहुलिपी अक्षरसंचाने त्यावर काढलेला मार्ग यांचे विवेचन केले आहे. त्याचबरोबर महाविद्यालयीन मुद्रणव्यवहारात ही अक्षरे कोठे वापरावीत व कोठे टाळावीत, याविषयी काही निकष सुचविले आहेत.

बीजशब्द : अक्षरसंच, शीर्षकाक्षर, देवनागरी, शिरोरेखा, पोकळी, वाचनीयता, युनिकोड.

१. प्रस्तावना :
काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या अंतिम मुदतीची सूचना मोठ्या फ्लेक्सवर छापून प्रवेशद्वाराजवळ लावण्यात आली. सूचना सर्वांच्या नजरेत भरावी म्हणून ती जाड, गुबगुबीत, गोल अक्षरांत घेतली होती आणि ही निवड प्रस्तुत लेखकाचीच होती. मुदत उलटल्यानंतर काही विद्यार्थी कार्यालयात आले. ‘फलक पाहिला नाही का?’ या प्रश्नावर त्यांतील एका विद्यार्थिनीने दिलेले उत्तर विसरता येण्यासारखे नाही. तिने फलक रोज पाहिला होता. परंतु तो स्नेहसंमेलनाचा असावा असे समजून तिने तो वाचला नव्हता.

फलकावरील मजकुरात कोणतीही चूक नव्हती. तारीख बरोबर होती, शुद्धलेखन बरोबर होते, अक्षरांचा आकारही पुरेसा होता. मात्र मजकूर वाचला जाण्यापूर्वीच अक्षरांनी ‘ही गंमतीची बाब आहे’ असे सांगून टाकले होते. अक्षराचे रूप हा सजावटीचा भाग असून तो डीटीपी करणाऱ्यावर सोपवावा, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. या प्रसंगाने ती समजूत तपासून पाहण्याची गरज जाणवली. प्रस्तुत लेख हे त्याचेच फलित होय.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) जाड व गोलाकार शीर्षकाक्षरांची वैशिष्ट्ये स्पष्ट करणे, (आ) देवनागरी लिपीत अशी अक्षरे घडविण्यातील तांत्रिक अडचणी समजून घेणे, (इ) ‘बालू’ या अक्षरसंचाचे स्वरूप पाहणे, (ई) शैक्षणिक संस्थांच्या मुद्रणव्यवहारासाठी उपयोगाचे निकष मांडणे.

२. मजकुराचा टाईप आणि मथळ्याचा टाईप :
खिळ्यांच्या छापखान्यात मजकुराचा टाईप आणि मथळ्याचा टाईप असा भेद पूर्वापार केला जात असे. मजकुराचा टाईप दीर्घ वाचनासाठी असतो. वाचकाचे लक्ष अक्षराकडे न जाता आशयाकडे जावे, ही त्याची कसोटी असते. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचा (मुंबई, १८६९) देवनागरी टाईप नावाजला गेला तो मुख्यतः अशा मजकुराच्या सुबक व स्वच्छ छपाईसाठी. मथळ्याच्या टाईपाचे कार्य याच्या उलट असते. त्याने चालत्या माणसाला थांबवावे, पान उलटणारा हात क्षणभर रोखावा आणि पुढे काय येणार आहे याची चुणूक द्यावी, अशी अपेक्षा असते. पाच-सहा शब्दांपुरते त्याचे आयुष्य असते आणि तेवढ्या शब्दांत त्याला व्यक्तिमत्त्व दाखवावे लागते.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके आठवली तर नाटकाची प्रकृती त्याच्या नावाच्या अक्षरांत कशी उतरते हे सहज ध्यानात येते. मात्र शेडगे यांची अक्षरे त्या त्या शीर्षकापुरती हाताने काढलेली होती. अक्षरसंचाचे तसे नसते. कोणताही शब्द, कोणत्याही क्रमाने, कोणाच्याही हातून जुळविला गेला तरी तो नीट दिसला पाहिजे, ही जबाबदारी अक्षरसंच घडविणाऱ्यावर असते. या लेखात ‘अक्षरसंच’ ही संज्ञा एका समान शैलीत घडविलेल्या संपूर्ण वर्णसमूहासाठी, तर ‘फॉन्ट’ ही संज्ञा त्याच्या संगणकीय रूपासाठी वापरली आहे.

३. पूर्वपीठिका : कूपर ब्लॅक :
जाड व गोलाकार शीर्षकाक्षरांचा विचार ‘कूपर ब्लॅक’ या रोमन अक्षरसंचाच्या उल्लेखाशिवाय पूर्ण होत नाही. शिकागो येथील अक्षरकार ऑस्वल्ड ब्रूस कूपर (१८७९–१९४०) यांनी तो रचला आणि बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेने १९२२ मध्ये तो बाजारात आणला. कूपर हे जाहिरातींसाठी हाताने अक्षरे काढणारे व्यावसायिक होते. त्यामुळे या अक्षरसंचाचा जन्म ग्रंथमुद्रणाच्या परंपरेतून न होता जाहिरातीच्या गरजेतून झाला. दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी व अधू दृष्टीच्या गिऱ्हाइकांसाठी हा टाईप आहे, अशा आशयाचा कूपर यांचा विनोद मुद्रणक्षेत्रात प्रसिद्ध आहे.

या अक्षरांची घडण पाहण्यासारखी आहे. रोमन अक्षरांच्या टोकांना असणारी टोकदार पायरी येथे विरघळून गोल झाली आहे. अक्षरांचे तळ सपाट नसून किंचित फुगीर आहेत, त्यामुळे अक्षर ओळीवर उभे न राहता गादीवर बसल्यासारखे भासते. आतील पोकळ्या लहान आहेत. तथापि त्या तिरक्या अक्षावर ठेवल्यामुळे लेखणीच्या वळणाची आठवण शिल्लक राहते. कूपर यांचे गुरू फ्रेडरिक गाउडी यांना पुढे मोनोटाईप कंपनीसाठी याच धर्तीचा ‘गाउडी हेवीफेस’ (१९२५) रचावा लागला, यावरून कूपर यांच्या टाईपाला किती मागणी होती याची कल्पना येते.

१९६० नंतरच्या दशकांत छायाजुळणी आणि घासून उमटविण्याची अक्षरपत्रे यांमुळे धातूच्या खिळ्यांचे बंधन सुटले व अशा अक्षरांचा प्रसार वाढला. ‘द बीच बॉइज’ या अमेरिकन संगीतसमूहाच्या ‘पेट साउंड्स’ (१९६६) या ध्वनिमुद्रिकेचे मुखपृष्ठ आणि १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ईझीजेट’ या ब्रिटिश विमानकंपनीचे बोधचिन्ह ही त्याची दोन परिचित उदाहरणे होत. संगीत आणि स्वस्त विमानप्रवास या परस्परांहून भिन्न गोष्टींना एकच अक्षर का मानवले? दोन्ही ठिकाणी सांगायचे एकच होते : ‘येथे औपचारिकता नाही, या.’

४. गोलाईचा परिणाम :
गोल आकार मृदू आणि टोकदार आकार तीव्र वाटतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. मानसशास्त्राने त्याचा स्वतंत्रपणे शोध घेतला आहे. वोल्फगांग कोलर यांनी १९२९ मध्ये निरर्थक ध्वनी आणि निरर्थक आकृती यांच्या जोड्या लावण्याचा प्रयोग मांडला. मृदू ध्वनींचा शब्द लोक गोलाकार आकृतीशी आणि कठोर ध्वनींचा शब्द टोकदार आकृतीशी जोडतात, असे त्यातून दिसते. व्ही. एस. रामचंद्रन व एडवर्ड हबर्ड यांनी २००१ मध्ये ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांच्या आधारे हाच विषय पुन्हा चर्चेत आणला. मोशे बार व मायताल नेटा यांच्या २००६ मधील संशोधनात, कोनदार वस्तूंच्या तुलनेत वक्राकार वस्तूंना लोक अधिक पसंती देतात असे आढळले.

या निष्कर्षांवरून अक्षरांविषयी थेट नियम काढणे घाईचे ठरेल, कारण अक्षर ही केवळ आकृती नसून शिकलेली खूण आहे. गोल, जाड अक्षर आपण लहानपणापासून खाऊच्या पुड्यांवर, खेळण्यांच्या खोक्यांवर आणि गोष्टींच्या पुस्तकांवर पाहत आलेलो असतो. आकाराचा स्वाभाविक मृदुपणा आणि वापराने जडलेला संस्कार असे दोन घटक येथे एकत्र येतात. प्रस्तावनेतील विद्यार्थिनीने फलक स्नेहसंमेलनाचा मानला, तो या संस्कारामुळे. तिचे अनुमान चुकीचे असले तरी अवाजवी नव्हते.

५. देवनागरीतील विशेष अडचणी :
रोमन अक्षर जाड करणे आणि देवनागरी अक्षर जाड करणे या सारख्या क्रिया नाहीत. देवनागरीच्या रचनेतूनच येणाऱ्या अडचणी प्रामुख्याने चार आहेत.

(अ) बोरूचा वारसा : देवनागरीचे परंपरागत वळण तिरक्या टोकाच्या बोरूने घडविले आहे. बोरूची दिशा बदलते तशी रेषा जाड-बारीक होते आणि या चढउतारातूनच अक्षराची ओळख घडते. जाड गोलाकार अक्षरांत रेषा जवळजवळ एकसारख्या जाडीची असते व तिची टोके गोल असतात. बोरूऐवजी जाड कुंचल्याने किंवा गोल निबाने लिहिल्यासारखा हा प्रकार आहे. त्यामुळे रेषेचा चढउतार जे काम करीत असे, ते आता आकाराला व पोकळीला करावे लागते.

(आ) पोकळी बुजणे : रेषा जाड होते तेव्हा ती आतल्या बाजूलाही वाढते. ‘व’च्या पोटातील मोकळी जागा लहान होते आणि ‘ब’च्या पोटातील तिरकी रेषा तर ती जागा जवळजवळ व्यापून टाकते. परिणामी ‘वार’ आणि ‘बार’ यांतील भेद पुसट होतो. ‘प’ आणि ‘ष’ यांचेही तसेच. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ या जोड्या शिरोरेषेतील लहानशा खंडामुळे आणि डाव्या बाजूच्या गाठीमुळे वेगळ्या ओळखू येतात. खंड बुजला की ‘धडा’चा ‘घडा’ होतो. ‘ङ’चा बिंदू शेजारच्या रेषेला चिकटला की तो ‘ड’ वाटू लागतो.

(इ) उभी दाटी : रोमन लिपीत मुख्य अक्षराच्या वर व खाली फारसे काही येत नाही. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रेफ, अनुस्वार आणि अर्धचंद्र. तर खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षराचा दुसरा वर्ण अशी योजना असते. ‘कर्त्यांनी’ या शब्दात रेफ व अनुस्वार एकाच ठिकाणी येतात. ‘उद्ध्वस्त’ या शब्दात तीन व्यंजने एकमेकांत गुंततात. प्रत्येक घटक जाड केला तर अक्षराची उंची आवाक्याबाहेर जाते. बारीक ठेवला तर जाड अक्षरावर काडी ठेवल्यासारखे दिसते.

(ई) शिरोरेषेचा प्रश्न : शिरोरेषा ही सरळ, आडवी आणि सलग रेषा आहे. गोलाईच्या योजनेत तिला कसे बसवावे? ती फार जाड केली तर सारा शब्द तिच्या भाराखाली दबतो, फार बारीक केली तर अक्षरे सुटी भासतात. कन्नड, मल्याळम किंवा ओडिआ या लिपींत गोलाई मुळातच असल्यामुळे तेथे हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. देवनागरी व गुरुमुखी या लिपींत मात्र सरळ रेषा आणि वक्र रेषा यांचा समेट घडवून आणावा लागतो.

बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ (१९७१) या ग्रंथाने देवनागरी मुद्राक्षरांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. पुढे र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकीय भारतीय अक्षररचनेचा पाया घातला. मायक्रोसॉफ्टच्या संगणकप्रणालीतील ‘मंगल’ हा परिचित फॉन्ट त्यांचाच. तथापि मंगल हा पडद्यावरील मजकुराचा फॉन्ट आहे. युनिकोडमधील देवनागरीला शीर्षकाक्षरांची विविधता लाभली ती प्रामुख्याने २०१० नंतरच्या दशकात.

६. ‘बालू’ : स्वरूप व वैशिष्ट्ये :
‘बालू’ हा अक्षरसंच मुंबईच्या ‘एक टाईप’ या अक्षररचनाकारांच्या समूहाने घडविला. तो २०१६ पासून गूगल फॉन्ट्स या संग्रहात सर्वांना उपलब्ध आहे. त्यातील देवनागरी सारंग कुलकर्णी यांनी रचली असून नूपुर दाते, गिरीश दळवी आणि समूहातील अन्य रचनाकारांचा या बहुलिपी प्रकल्पात सहभाग आहे.

नावावरून अस्वलाची आठवण होते आणि अक्षरांचे रूपही त्याला साजेसे आहे. अक्षरे भरदार आहेत, कोपरे गोल आहेत. परंतु रेषा साच्यातून काढलेल्या नळीसारखी एकसुरी नाही. ती किंचित निमुळती होत जाते. हा निमुळतेपणा इतका सूक्ष्म आहे की सहज पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. मात्र त्यामुळेच अक्षराला हाताच्या लिखाणाचा जिवंतपणा येतो. कूपर ब्लॅकमधील तिरक्या पोकळीचे जे कार्य, तेच येथे या निमुळत्या रेषेचे आहे : यांत्रिक गोलाईत हाताची खूण राखणे.

या अक्षरसंचाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा बहुलिपी विस्तार. देवनागरीखेरीज गुजराती, गुरुमुखी, बंगाली, ओडिआ, तेलुगू, कन्नड, तमिळ व मल्याळम या लिपींत आणि उर्दूसाठीही तो घडविला गेला. प्रत्येक फॉन्टमध्ये संबंधित भारतीय लिपीबरोबर रोमन लिपीचाही अंतर्भाव आहे. या भावंडांची नावे मोठी मौजेची आहेत. गुजराती तो ‘बालू भाई’, गुरुमुखी तो ‘बालू पाजी’, बंगाली तो ‘बालू दा’, ओडिआ तो ‘बालू भाईना’, मल्याळम तो ‘बालू चेट्टन’, तमिळ तो ‘बालू थंबी’, तेलुगू तो ‘बालू तम्मुडू’, कन्नड तो ‘बालू तम्मा’ आणि उर्दू तो ‘बालू भाईजान’. प्रत्येक नावात त्या त्या भाषेतील भावाचे संबोधन आहे.

या नामकरणात विनोद आहे, तसा एक विचारही आहे. द्विभाषिक फलकावर आजवर सर्रास काय घडत आले? इंग्रजी मथळ्यासाठी आकर्षक जाड अक्षर निवडले जाते, त्यात देवनागरी नसते, मग संगणक जो फॉन्ट सहज उपलब्ध असेल त्यात मराठी ओळ बसवितो. परिणामी इंग्रजी ओळ ऐटीत आणि मराठी ओळ अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते. मराठीविषयी कोणाचा आकस नसतानाही फलक मात्र दोन भाषांतील उच्चनीचता जाहीर करून मोकळा होतो. दोन्ही लिपी एकाच जाडीच्या, एकाच स्वभावाच्या व समान उंचीच्या भासतील अशा घडविणे हा त्यामुळे केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही. भावंडांत धाकटे-थोरले असेल. परका कोणी नसावा.

प्रारंभी बालू एकाच जाडीत उपलब्ध होता. त्यानंतर ‘बालू २’ या नव्या आवृत्तीत साध्या जाडीपासून अतिजाडीपर्यंत पाच जाड्या देण्यात आल्या. त्यामुळे मथळा, उपमथळा आणि छोटी टीप यांसाठी एकाच कुळातील अक्षरे वापरणे शक्य झाले.

७. ‘मोदक’शी तुलना :
याच समूहाचा ‘मोदक’ हा अक्षरसंच तुलनेसाठी उपयुक्त आहे. सारंग कुलकर्णी व मैथिली शिंगरे यांनी रचलेला मोदक बालूपेक्षा कितीतरी गुबगुबीत आहे. त्यात अक्षराच्या आतील पोकळी जवळजवळ नाहीशी होऊन केवळ केसासारखी रेघ उरते. सर्वसाधारणपणे अक्षर काळ्या रेषेने बनते व पांढरी जागा ही तिची पार्श्वभूमी असते. मोदकमध्ये हे नाते उलटले आहे : काळा गोळा हीच जणू पार्श्वभूमी आणि त्यात कोरलेली पांढरी रेघ हे अक्षर.

हा प्रयोग जाडीची शेवटची सीमा दाखवितो. तीन-चार अक्षरांचा शब्द खूप मोठ्या आकारात असेल तर मोदक अत्यंत आकर्षक दिसतो. आकार लहान होताच पांढरी रेघ शाईत बुडते आणि शब्द ठिपक्यांची माळ होतो. बालूने ही सीमा गाठण्याचे टाळले आहे. त्याच्या पोकळ्या लहान असल्या तरी उघड्या राहतात. म्हणून मोदक हे एखाद्या शब्दाचे चित्र ठरते, तर बालू हे वाक्याचे अक्षर राहू शकते. गोलाकार शीर्षकाक्षर निवडताना हा फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

८. उपयोग आणि मर्यादा :
वरील विवेचनावरून या अक्षरांच्या उपयोगाचे क्षेत्र निश्चित करता येते. बालवाङ्मयाची मुखपृष्ठे, खाद्यपदार्थांची वेष्टने, विनोदी चित्रपट व नाटकांची शीर्षके आणि स्नेहसंमेलनाची निमंत्रणे ही त्यांची स्वाभाविक ठिकाणे होत. लसीकरण, रक्तदान, स्वच्छता यांसारख्या लोकजागृतीच्या फलकांवरही ती उपयुक्त ठरतात. अशा ठिकाणी वाचकाला शासकीय आदेशाची भीती न वाटता आपलेपणा वाटावा, अशी अपेक्षा असते. नवसाक्षर प्रौढ आणि पहिल्या पिढीतील विद्यार्थी यांच्यासाठी ग्रंथालयातील दिशादर्शक फलक या अक्षरांत केल्यास त्यांचा संकोच कमी होण्यास साहाय्य होते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

या उलट परीक्षेचे वेळापत्रक, शुल्क व शिष्यवृत्तीच्या मुदती, शिस्तविषयक सूचना, शोकप्रस्ताव, प्रमाणपत्रे आणि संशोधनपर लेखन यांसाठी ही अक्षरे अयोग्य आहेत. तेथे आपुलकीपेक्षा नेमकेपणाची गरज असते. दीर्घ परिच्छेदासाठीही ती टाळावीत. पानावर काळ्या भागाचे प्रमाण वाढले की डोळा शब्दाशब्दाला अडखळतो. छोट्या आकारात पोकळ्या बुजतात. जाड बालूसाठी छापील कागदावर २४ पॉइंटपेक्षा लहान आकार वापरू नये, असे प्रस्तुत लेखकाला अनुभवान्ती वाटते. तसेच ‘सर्वच ठळक’ ही प्रवृत्ती टाळावी. सगळी ओळ मोठ्याने ओरडू लागली की कोणताच शब्द ऐकू येत नाही.

तांत्रिक बाजूने पाहता बालू युनिकोडवर आधारित असल्यामुळे त्यातील मजकूर शोधता येतो, दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलता येतो आणि संकेतस्थळावर जसाच्या तसा देता येतो. जुन्या पद्धतीच्या अनेक मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर सारा मजकूर निरर्थक चिन्हांत परिवर्तित होई. आपल्या महाविद्यालयांच्या जुन्या वार्षिकांकांच्या संगणकीय प्रती उघडून पाहणाऱ्यास हा अनुभव नक्कीच आला असेल. याशिवाय बालू व मोदक हे दोन्ही ‘एसआयएल मुक्त फॉन्ट परवान्या’खाली दिलेले आहेत. ते विनामूल्य वापरता येतात, त्यांत बदल करता येतो आणि इतरांना देताही येतात. केवळ फॉन्ट स्वतंत्रपणे विकता येत नाही. मर्यादित निधी असलेल्या ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

९. निवडीपूर्वी करावयाची परीक्षा :
जाड देवनागरी फॉन्ट निवडण्यापूर्वी पुढील शब्द इच्छित आकारात छापून, ते ज्या अंतरावरून वाचले जाणार आहेत त्या अंतरावरून पाहावेत.

(अ) भेदाची परीक्षा : धडा–घडा, वार–बार, भात–मात, पट–षट.
(आ) दाटीची परीक्षा : उद्ध्वस्त, राष्ट्र, स्त्री, वाङ्मय, विद्वत्ता, कर्त्यांनी, शृंखला.
(इ) मराठीपणाची परीक्षा : तऱ्हा, दुसऱ्या, बाळ, ॲसिड, ऑक्टोबर, लेखनशैली.

तिसऱ्या गटाविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. ‘तऱ्हा’मधील अर्धा ‘र’ हा मराठीचा विशेष आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये (आवृत्ती ५.१) समाविष्ट झाले. त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन उमटण्याचा संभव असतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठीत रूढ असलेली रूपे हिंदीत प्रचलित रूपांहून भिन्न आहेत. हिंदीला प्रमाण मानून घडविलेल्या फॉन्टमध्ये ‘लेखनशैली’ हा शब्द मराठी वाचकाला किंचित परका वाटतो. फॉन्टमध्ये मराठी रूपे अंतर्भूत असली तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदविल्याशिवाय काही वेळा ती दिसत नाहीत. म्हणून ही परीक्षा प्रत्यक्ष छापून करावी.

या तीन परीक्षांनंतर चौथा प्रश्न स्वतःस विचारावा : वाचकाने शब्द वाचण्यापूर्वी अक्षर त्याला काय सांगणार आहे? पहिल्या तीन परीक्षा संगणकासमोर होतात. चौथी मात्र वाचकाच्या जागी उभे राहूनच करावी लागते.

१०. निष्कर्ष :
१) जाड व गोलाकार शीर्षकाक्षरे जाहिरातीच्या गरजेतून रूढ झाली असून अनौपचारिकता व आपुलकी हा त्यांचा मुख्य संदेश आहे.
२) हा परिणाम आकाराचा स्वाभाविक मृदुपणा आणि वापरातून जडलेला संस्कार या दोहोंतून निर्माण होतो.
३) देवनागरीत जाडीमुळे पोकळी बुजणे, उभी दाटी आणि शिरोरेषेचा समतोल या अडचणी उद्भवतात, त्या सुटल्या नाहीत तर अक्षरांतील भेदच नष्ट होतो.
४) ‘बालू’ने उघड्या पोकळ्या, किंचित निमुळती रेषा आणि बहुलिपी समतोल यांच्या साहाय्याने या अडचणींवर समाधानकारक मार्ग काढला आहे.
५) शैक्षणिक संस्थांनी ही अक्षरे स्वागत व आवाहन यांसाठी वापरावीत, नियम, मुदत व निर्णय यांसाठी टाळावीत.

११. समारोप :
प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या प्रसंगानंतर आमच्याकडील मुदतीच्या सूचना साध्या, मध्यम जाडीच्या अक्षरांत छापल्या जातात आणि तारीख तेवढी ठळक असते. गोल अक्षरांचा फलक प्रवेशद्वारावर अजूनही लागतो. मात्र त्यावर नवागत विद्यार्थ्यांचे स्वागत असते. त्या विद्यार्थिनीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती हुकली ती हुकलीच. मजकूर निर्दोष असल्याचे समाधान तिच्या काहीही उपयोगाचे नव्हते. भाषेचे अध्यापन करणारे आपण शब्दाच्या निवडीविषयी जितके दक्ष असतो, तितकेच त्याच्या अक्षररूपाविषयीही असावे, एवढेच या निमित्ताने नम्रपणे सुचवावेसे वाटते.